ट्यूबमधला हेअर कलर, काही महिन्यांच्या वापरानंतर: रंग चांगला, ट्यूब वाईट

आधीच सांगते, रंगाबद्दल माझी तक्रार नाही. खाली ट्यूबबद्दल बरंच लिहिणार आहे, त्यावरून कुणी रंगच टाकाऊ आहे असा समज करून घेऊ नये.

अर्धीअधिक संपलेली ट्यूब या वेळी बाहेर काढली, तर शेपटीच्या, म्हणजे झाकणाच्या विरुद्ध टोकाच्या, घडीवर बारीक चीर पडलेली होती. चिरेतून आलेली क्रीम वाळून काळी झाली होती. तोंडाकडून दाबल्यावर आधी तपकिरी गोळा आला, मग मळकट बदामी क्रीम. ताजी क्रीम जवळजवळ पांढरी निघते. खराब भाग टाकून उरलेली मोजून कालवली, नेहमीइतकाच वेळ ठेवली. भांगात रंग बऱ्यापैकी धरला, पण कानशिलांवरचे पांढरे केस धुतल्यावर राखाडीच दिसत होते. याच शेडने, याच डेव्हलपरने (क्रीममध्ये कालवायचं पेरॉक्साइडचं द्रव्य) तेच केस आधी दर वेळी नीट झाकले गेले होते. फरक फक्त त्या चिरेचा.

हा रंग डब्यात कालवल्याशिवाय तयारच होत नाही, हे वापरणाऱ्यांना माहीत असतं. ट्यूबमध्ये असतात ती रंगाची कच्ची द्रव्यं, पॅरा-फेनिलीनडायअमीन किंवा तिचे भाऊबंद, सोबत रिसॉर्सिनॉलसारखे जोडीदार आणि अमोनिया. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की ती एकमेकांना जोडली जातात. अमोनियामुळे केसाचं वरचं आवरण फुगून सुटतं, बारीक कण आत शिरतात आणि आत जोडून मोठे झाले की त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. म्हणून हा रंग ‘पर्मनंट’. पण पेरॉक्साइडचं काम हवेतला ऑक्सिजनही हळूहळू करतोच. तो थोपवायला क्रीममध्ये सोडियम सल्फाइटसारखी द्रव्यं घातलेली असतात. ट्यूब चिरली की ती खर्ची पडतात आणि रंग केसाऐवजी ट्यूबमध्येच तयार होऊन बसतो.

आणि म्हणूनच हेअर कलर ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये येतो. प्लॅस्टिकची ट्यूब दाबून सोडली की फुगते आणि तोंडातून हवा आत ओढते. ॲल्युमिनियम दाबलेलं तसंच राहतं. इतकी चांगली कल्पना, आणि पत्रा इतका पातळ की एकदा घडी घालून उलगडली, पुन्हा घातली, की चिरतो! ज्या घडीवर सगळा टिकाऊपणा अवलंबून, तिथेच काटकसर केली आहे. याचा मला मनापासून राग आहे.

कस्टमर केअरला फोन केला. पहिलं उत्तर, ‘ट्यूब एकदाच वापरायची असते, मॅडम.’ मी माहितीपत्रक समोर ठेवूनच बोलत होते. त्यात स्पष्ट छापलंय, गरजेपुरती क्रीम घ्यावी, उरलेली ट्यूब घट्ट बंद करून ठेवावी. ते वाक्य वाचून दाखवल्यावर बॅच नंबर मागितला. तो छापलेला कुठे, तर शेपटीच्या पट्टीवर, बरोबर चिरेच्या खाली. फोटो पाठवला, पुन्हा पाठवला, दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी बदली ट्यूब आली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण पत्र्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजही नाही.

आता मी शेपटी दुमडत नाही. ट्यूब सपाट टेबलावर ठेवून त्यावरून पेन्सिल शेपटीकडून तोंडाकडे रेटते आणि रिकामा भाग त्याच पेन्सिलीवर सैल गुंडाळते. घडी गोल पडते, टोकदार होत नाही. गुंडाळलेला भाग परत उलगडायचा नाही. झाकण लावण्याआधी क्रीम अगदी तोंडाशी येईपर्यंत दाबते, म्हणजे आत हवेला जागाच उरत नाही, आणि आट्यांवरची क्रीम पुसून घेते. असं ठेवल्यापासून पुढच्या ट्यूबमध्ये तोंडाशी मटारएवढा भाग काळवंडतो, तेवढाच टाकावा लागतो.

एवढा आटापिटा कशाला, पूर्ण पॅक एका वेळी वापरून मोकळं व्हावं, असं कुणी म्हणेल. पण मला फक्त मुळांची वाढ रंगवायची असते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. तेवढ्या पट्ट्यासाठी २० ग्रॅम क्रीम आणि ३० ग्रॅम डेव्हलपर मला पुरतं, म्हणजे ६० ग्रॅमची ट्यूब तीनदा होते. बाटलीत ओतून हलवायच्या तयार पॅकमध्ये सगळं एकदम कालवावं लागतं आणि निम्मं मोरीत जातं. कालवलेलं ठेवताही येत नाही. तासाभरात त्यातला जोर जातो, आणि झाकण घट्ट लावून ठेवलं तर आत ऑक्सिजन साठून बाटली फुटू शकते. चांगली वस्तू दर महिन्याला ओतून द्यायची हे मला पटत नाही, म्हणून तर ट्यूबकडे वळले.

अर्धी ट्यूब वापरायची तर वजनकाट्याला पर्याय नाही. या सगळ्या प्रकारात सगळ्यात कामाची वस्तू कुठली विचाराल तर छोटा डिजिटल काटा. अंदाजाने ‘साधारण एक भाग, साधारण दीड भाग’ केलं की मिश्रण दर वेळी वेगळं होतं. डेव्हलपर जास्त झालं की रंग पातळ होऊन ओघळतो आणि पांढऱ्या केसांवर फिका बसतो, कमी पडलं की नीट खुलत नाही. प्लॅस्टिकची वाटी काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, क्रीम, परत शून्य, मग डेव्हलपर. मोजूनमापून केलं तर मिश्रण ब्रशवरून ढळत नाही आणि त्यात गाठी राहत नाहीत. स्टीलची वाटी नको, धातूच्या संपर्कात पेरॉक्साइड लवकर फुटतं. जास्तीचं काढलेलं डेव्हलपरही मी परत बाटलीत ओतत नाही, त्यात काही मिसळलं असेल तर बाटलीतलंही फुटायला लागतं.

डेव्हलपर २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. १० म्हणजे ३, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२ टक्के. पांढरे झाकायला ३० ची काहीच गरज नाही, ते केस आणखी उजळ करण्यासाठी असतं आणि टाळूला जास्त झोंबतं. कानशिलांसाठी ‘थोडं स्ट्रॉंग’ घ्यावं असा सल्ला फार ऐकला, पण तिथे लागतो तो वेळ, जोर नव्हे.

लावण्याबद्दल थोडक्यात. केस न धुतलेले, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन, नायट्राइलचे हातमोजे, डोक्याचे चार भाग. सुरुवात कानशिलांपासून, कारण तिथले पांढरे केस सगळ्यात हट्टी असतात आणि त्यांना सगळ्यात जास्त मिनिटं मिळायला हवीत. अर्धा सेंटीमीटर जाडीची बट, ब्रश दोन्ही बाजूंनी, क्रीम भरपूर. पांढऱ्या केसांवर रंग पुसल्यासारखा लावला तर तो वाळतो आणि वाळला की काम थांबतं. वाटीत पांढरी असलेली क्रीम हळूहळू जांभळट, मग गडद तपकिरी होते. ते बघून घाबरायचं नाही, आणि ‘झालाच की रंग’ म्हणून लवकर धुवायचंही नाही. पूर्ण ४५ मिनिटं. पूर्वी मला हा वेळ अवाजवी वाटायचा, पांढऱ्यांसाठी आता वाटत नाही.

मुळांखालच्या, आधीच रंगवलेल्या केसांवर मात्र दर वेळी रंग ओढू नका. एका थरावर दुसरा बसत जातो आणि टोकं काळीशार होतात. बऱ्याच पत्रकांत शेवटची काही मिनिटं खालपर्यंत पसरवा असं लिहिलेलं असतं. मी ते सुरुवातीला पाळलं, काही महिन्यांनी टोकं मुळांपेक्षा ठळक गडद दिसू लागली, तेव्हापासून बंद केलं. गडद झालेलं फिकी शेड वर लावून उतरत नाही, रंगावर लावलेला रंग आधीचा रंग काढत नाही.

एका बाबतीत मत पूर्ण बदललं. बिनअमोनियाचा तो सौम्य, असं मी धरून चालले होते आणि मधल्या काळात तशी ट्यूबही वापरून पाहिली. वास खरंच नव्हता, डोळ्यांत पाणी आलं नाही. पण अमोनियाच्या जागी त्यात मोनोइथॅनॉलअमीन असतं, तेही अल्कलीच, म्हणजे केसाचं आवरण फुगवणारंच. ते उडून जात नाही म्हणून नाकाला कळत नाही इतकंच. केसांचा कोरडेपणा मला दोन्हींत सारखाच जाणवला आणि कानशिलांवर अमोनियावालाच जास्त टिकला. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी जरूर घ्यावा, पण ‘केमिकल नाही’ म्हणून घेऊ नये.

पॅच टेस्टवर, म्हणजे वापरण्याआधी थोडा रंग कानामागे लावून ४८ तास वाट बघण्यावर, तर मी कुणाचंच ऐकणार नाही. इतके महिने काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, असं नसतं. पॅरा-फेनिलीनडायअमीनची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उद्भवते, आणि ज्यांनी कधी काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतलाय त्यांना धोका जास्त, कारण त्या ‘मेंदी’त हेच द्रव्य मिसळलेलं असू शकतं. कानामागे खाज, पुरळ, सूज आली तर विषय तिथेच संपला, डॉक्टर गाठायचा. कंपनी बदलली, शेड बदलली की परत ४८ तास. भुवयांना हा रंग कधीच लावायचा नाही.

आता मी ४.० वरून ५.० वर यायचं ठरवलंय. आकडा जितका मोठा तितकी शेड फिकी, आणि पांढऱ्यांसाठी पुढे शून्य असलेल्या नैसर्गिक शेडच नीट झाकतात. ही शेड दुसऱ्या कंपनीची घेतली आहे, जाड पत्र्याची ट्यूब हातात धरून बघूनच. कानामागे काल संध्याकाळी लावलंय, उद्या संध्याकाळी ४८ तास होतील. ती कशी निघाली ते वापरून झाल्यावर इथेच लिहीन.