ताजा नारिंगी रंग बघून इंजिनाचा ब्लॉक घेऊ नका

माझी शेव्हरोले नोव्हा गाडी 1972 ची. मी राहतो तिथून पाऊण तासावर असलेल्या, मिशिगनमधल्या विलो रनच्या कारखान्यात बनलेली. घेतली तेव्हा तिच्यात सरळ सहा सिलिंडरचं 250 क्युबिक इंचाचं इंजिन होतं. ते काढून 350 चं व्ही-एट बसवायचं, तेही तयार न घेता ब्लॉकपासून, म्हणजे सिलिंडरची भोकं असलेल्या ओतीव सांगाड्यापासून, स्वतः बांधायचं, हे माझं तीन वर्षांचं स्वप्न. बाबा जूनमध्ये कोल्हापूरहून यायचे होते. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ असतो, त्यात त्यांना शेजारी बसवून न्यायचं ठरवलं होतं. बाबांचं आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत गेलं. बीड (ओतीव लोखंड) ओतणं, साचे फोडणं, कास्टिंग साफ करणं. त्यांच्या मुलाला बिडाच्याच कामात फसवलं गेलं, ही टोचणी अजून जात नाही.

मार्चमध्ये एक ब्लॉक विकायला असल्याचं कळलं. गावाबाहेर भाड्याच्या गोदामात तो स्टँडवर उलटा लावून ठेवला होता. चकचकीत शेव्हरोले नारिंगी रंग, ऑइल पॅन काढलेला, मेन कॅप (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) समोर दिसताहेत. मधल्या तीन कॅपना चार-चार बोल्ट, टोकाच्या दोनला दोन-दोन, म्हणजे सगळे शोधतात तो फोर-बोल्ट ब्लॉक. मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवर कास्टिंग नंबर 3970010. विकणारा पन्नाशीचा, बोलायला गोड. म्हणाला, "फक्त तीस थाऊ बोअर केलाय, मशीनिंग झालंय, धुवायचा आणि जोडायचा." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे सिलिंडरची भोकं तेवढीच रुंद केलेली. किंमत 650 डॉलर, रोख.

त्या नंबरावर मी भाळलो, म्हणून आधी त्याचं सांगतो. 3970010 हा साच्याचा नंबर आहे, इंजिनाचा नाही. याच साच्यातून 302, 327 आणि 350 तिन्ही निघाली, टू-बोल्टही आणि फोर-बोल्टही, कारसाठीही आणि ट्रकसाठीही. कास्टिंग नंबर ब्लॉकचं घराणं सांगतो, तब्येत सांगत नाही. टायमिंग कव्हरखाली 010 आणि 020 हे आकडे दाखवून "यात निकेल जास्त आहे, हा कधी झिजत नाही" असंही त्यानं ऐकवलं. आकडे दाखवून कुणी निकेलची टक्केवारी सांगू लागला, तर तेवढ्यावर एक डॉलरही वाढवू नका.

माझ्या गाडीत व्हर्निअर होता. चार इंच भोकाचं माप घ्यायला दोन मिनिटं लागली असती. पण तो माणूस इतका आपलेपणानं बोलत होता, वर त्यानं कॉफी दिली, की मापं काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते माझ्या बाबतीत शब्दशः घडलं.

350 चा मूळ बोअर 4.000 इंच. तीस थाऊ वाढवला की 4.030. ब्लॉक घरी यायच्या आधीच मी 4.030 चे आठ पिस्टन मागवून ठेवले होते. त्या रात्री सहज एक पिस्टन रिंगांशिवाय पहिल्या सिलिंडरमध्ये सोडला. नीट मापाचा पिस्टन तेल लावून हातानं अलगद दाबत न्यावा लागतो. हा सोडल्याबरोबर खाली गेला आणि बोटानं हलवला तर कडेला टकटक वाजला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये तेच. आठही तपासले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

सकाळी मशीन शॉपमध्ये बोअर गेज लावला. माप आलं 4.060, वरच्या टोकाला त्याहूनही जास्त झिजलेलं. म्हणजे ब्लॉक पूर्वीच साठ थाऊ कापून, त्यावर बरंच चालवून झालेला होता. या ब्लॉकला साठ ही बहुतेकदा शेवटची पायरी. पुढे भिंत पातळ होते, इंजिन तापतं. आतून फक्त होन (घासायचं दगडी हत्यार) फिरवून जाळीदार रेघा नव्या केल्या होत्या, म्हणून डोळ्यांना ताजं काम वाटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालायचा विचार केला असता. पण मशीनिस्टनं ब्लॉक गरम रसायनाच्या टाकीत घातला आणि रंग उतरला. ड्रायव्हरच्या बाजूला, ऑइल पॅन बसतो त्या कडेच्या थोडं वर, हातभर लांब राखाडी पट्टा दिसला. त्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर पापडी सुटावी तसा तो निघाला. एपॉक्सी पुटी! खाली बिडात आडवा तडा. मग मॅग्नाफ्लक्स केलं, म्हणजे ब्लॉकवर चुंबक लावून बारीक लोखंडी भुकटी मारली. भुकटी तड्यावर रेघ धरून बसली आणि ती रेघ पुटीच्या पट्ट्याच्याही दोन बोटं पुढे गेली.

हा गोठण्याचा तडा. मिशिगनच्या हिवाळ्यात अँटिफ्रीझ न घालता नुसतं पाणी राहिलं की गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बीड ताणाला कच्चं, ते फुटतं. ब्लॉकच्या बाजूला ज्या गोल चकत्या असतात त्यांना लोक फ्रीझ प्लग म्हणतात आणि पाणी गोठलं की त्या निसटून ब्लॉक वाचेल असं धरून चालतात. ती भोकं मुळात ओतकामानंतर आतली रेती काढण्यासाठी ठेवलेली असतात. कधी चकती निघून ब्लॉक वाचतो, कधी नाही. तेव्हा नव्या चकत्या दिसल्या तर खूश होऊ नका, जुन्या का बदलल्या ते विचारा. बाहेरच्या कडेबरोबर आत, टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बसतात त्या दरीतही टॉर्च मारून बघा. गोठलेल्या ब्लॉकला तिथेही तडा जातो.

त्या माणसाला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "पावतीवर 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय, वाचा." दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. चार दिवसांनी गोदामाशी गेलो तर शटरवर दुसरंच कुलूप होतं. पावतीवर फक्त त्याचं पहिलं नाव होतं, तेव्हा कोर्टात जायचं तर कुणाविरुद्ध? 650 ब्लॉकचे, पिस्टनचे आणि शॉपचे मिळून हजाराच्या वर गेले. खोकी फोडल्यामुळे पिस्टन परत घेतले नाहीत.

बाबांना फोनवर सांगताना घसा दाटला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बीड रंगवून विकायला आणलंय म्हंजे आधी खरवडून बघायचं रं बाळा. चांगल्या कास्टिंगला कोण कशाला रंग मारतंय?"

दुसरा ब्लॉक जूनमध्ये ते आल्यावर त्यांच्यासोबतच बघितला. टू-बोल्ट, 250 डॉलर, अंगावर बोटभर तेलाचा चिकटा. तो बघून बाबांचा चेहरा खुलला, कारण यावर कुणी हात फिरवला नव्हता. त्यांनी बारक्या हातोडीनं चार ठिकाणी वाजवून आवाज ऐकला. मी या वेळी व्हर्निअर खिशातच ठेवला होता, आठही बोअर मोजले, सगळे मूळ मापाचे. पन्नास डॉलर इसारा दिला आणि बाकी रक्कम मॅग्नाफ्लक्स व भिंतीची जाडी मोजणारी सोनिक टेस्ट झाल्यावर, असं कागदावर लिहून घेतलं. विकणाऱ्यानं खळखळ केली नाही. त्याच्या लायसन्सवरचं नाव-पत्ताही त्याच कागदावर उतरवून घेतला. टेस्टचा खर्च माझा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रस्त्यावर चालेल अशा साडेतीनशे घोड्यांच्या इंजिनाला टू-बोल्ट पुरतो, हे मशीनिस्टनं तेव्हा समजावलं. फोर-बोल्टच्या हव्यासाशिवाय मी त्या गोदामात गेलोच नसतो.

ऑगस्टपर्यंत इंजिन झालं नाही. वुडवर्डच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून आम्ही दोघांनी दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या.

तो नारिंगी ब्लॉक भंगारवाल्याकडे तसाच दिला असता तर कुणीतरी उचलून पुन्हा रंगवला असता. बाबांनी मेन कॅप काढून घेतल्या, मी ग्राइंडरनं 3970010 पुसून टाकला आणि आम्ही आळीपाळीनं घण घालून तड्याची बाजू फोडली. मगच तो गाडीत चढवला.