जुन्या फियाटसाठी चार काट्यांचा मीटर: उद्यमबागेतलं काम कसं आहे

प्रीमियर पद्मिनीत तेलाच्या दाबासाठी काटा नाही, नुसता लाल दिवा आहे. तो पेटेपर्यंत दाब 5-7 पौंडांवर उतरलेला असतो. गोव्याहून चोर्ल्याचा घाट चढताना असं झालं, तर दिवा दिसून गाडी थांबवेपर्यंत बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान होऊन जातं. म्हणून तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, पेट्रोल आणि व्होल्ट हे चारही काटे 100 मिलीमीटरच्या एकाच डायलमध्ये बसवून घेणं सोयीचं. बेळगावात उद्यमबागेतल्या एका मीटर दुरुस्तीच्या दुकानात हे काम मापानुसार करून मिळतं.

डायलचं काम अप्रतिम आहे. छपाई स्टिकरची नाही, स्क्रीनची. काळा रंग बिनचकाकीचा, त्यामुळे उन्हात काच चमकली तरी आकडे वाचता येतात. हवे असतील तर देवनागरी अंकही छापून देतात, आणि ते जुन्या डॅशवर फार शोभतात. काचेभोवतीची रिंग दाबून बसवलेली नाही, फिरवून काढता येते, म्हणजे पुढे बल्ब किंवा काटा बदलायला पत्रा उचकटावा लागत नाही. काचेखाली रबरी वॉशर आहे. मागचं हवेचं भोक मात्र खाली तोंड करूनच ठेवायला सांगा. खानापूरकडच्या पावसात ते वर राहिलं, तर काचेत आतून धुकं धरतं.

मीटर खरा बोलतो की खोटा, हे मात्र सेंडरवर, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसून काट्याला माप कळवणाऱ्या भागावर ठरतं. टाकीतला सेंडर म्हणजे फ्लोट. दुकान पेट्रोलच्या काट्यामागे बसवतं ते यंत्र 240 ते 33 ओहमचं आहे: रिकाम्या टाकीला 240, अर्ध्याला 103, भरलेल्याला 33. व्हीडीओ या जर्मन कंपनीचा फ्लोट उलटा चालतो, रिकाम्याला 10 आणि भरलेल्याला 180. हा त्या यंत्राला जोडला, तर टाकी भरली की काटा रिकाम्याकडे जातो, आणि वायर अदलाबदल करून ते सुटत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी टाकीतला फ्लोट काढा, खाली, मध्ये आणि वर धरून मल्टिमीटरने ओहम मोजा, आणि तिन्ही आकडे लिहून द्या. दुकान हे आकडे मागतं, त्याशिवाय काम हातात घेत नाही. या एका गोष्टीसाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

पाण्याच्या काट्यात चूक सापडते. सेंडर उकळत्या पाण्यात बुडवून काटा जिथे थांबेल तिथे ते 100 धरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, इथे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. म्हणजे काटा दोनेक अंश जास्त दाखवतो. इंजिनाला यात धोका नाही, तरी पाण्यात थर्मामीटर धरून खूण करायचा आग्रह धरा. व्हीडीओचा 120 अंशांचा सेंडर असेल तर ओहमवरूनही ताडून पाहता येतं: 40 अंशांना सुमारे 287, 120 ला सुमारे 22.

तेलाचा सेंडर लाल दिव्याचा स्विच काढून त्याच्या जागी लावू नका. पितळी टी, म्हणजे T आकाराचा जोड लावून दोन्ही ठेवा. सेंडर जड असतो, टीवर लोंबकळत राहिला तर थरथरीने टी आट्यांपाशी चिरते आणि तेल बाहेर येतं. तो बॉडीवर क्लॅम्पने धरून लवचिक होजने जोडणं बरं, पण मग त्याला वेगळी अर्थ वायर लागते. आटे आधी तपासा. एनपीटीचे (अमेरिकन पाइपचे) 1/8 इंची आटे इंचाला 27, बीएसपीचे (ब्रिटिश पाइपचे) 28. चुकीचा सेंडर दोन फेरे जातो, मग अडतो, आणि जोर लावला की ब्लॉकचेच आटे मरतात. वायरीसाठी एकच टोक असलेल्या सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याची अर्थिंग त्या आट्यांतूनच होते.

चौथा काटा अँपिअरचा न देता व्होल्टचा देतात, हे योग्यच. अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट जातो. तिथला नट ढिला झाला की डॅशमागे वायर तापते. व्होल्टच्या काट्याला इग्निशनवरून बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.6 दाखवते, चार्जिंग नीट असेल तर चालू गाडीत 13.8 ते 14.4.

एलईडीचा त्यांचा आग्रह डायलच्या उजेडापुरता ठीक. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवला असेल, तर चार्जिंगच्या दिव्याला 2-3 वॉटचा साधा बल्बच हवा. त्या बल्बमधून जाणाऱ्या करंटवर अल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, मग गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही.

गाडी ताब्यात घेताना हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एकदम चालू करून बघा. व्होल्टचा काटा थोडा उतरेल, ते साहजिक. पेट्रोलचा आणि पाण्याचा काटाही हलला, तर मीटरची अर्थ कच्ची आहे. डॅशच्या पत्र्यावर भरवसा न ठेवता मीटरपासून थेट बॉडीपर्यंत वेगळी वायर टाकून घ्या, आणि बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय ती आवळू देऊ नका.