होम व्हिजिटची कमाई 'पगार' म्हणून दाखवली आणि कॅनडा पाच वर्षं बंद झालं

खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, पण गेल्या आठवड्यात ओळखीतली एक मुलगी परदेशी पाठवणाऱ्या तसल्याच एका एजंटला पैसे देऊन आली म्हणून लिहितेय.

मी फिजिओ आहे, नाशिकमध्ये आठ वर्षं होम व्हिजिट करते. क्लिनिक नाही, सकाळी पंचवटी, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी गंगापूर रोड, सगळं ॲक्टिव्हावर. गुडघे बदललेले, लकवा मारलेले असे पेशंट. व्हिजिटचे 500, कोणी रोख देतं, कोणी गूगल पे, कोणी महिनाअखेरीला एकदम. एखाद्या महिन्यात 70 हजार येतात आणि दिवाळीच्या महिन्यात 25 सुद्धा होत नाहीत, कारण आजी-आजोबा मुलांकडे पुण्याला जातात. सगळा हिशोब एका लाल डायरीत, तारीख, आडनाव, कुठला व्यायाम दिला आणि पैसे आले की समोर टिक.

कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायम राहायला जाण्यासाठीच्या ऑनलाइन अर्ज पद्धतीत, 2023 पासून हेल्थकेअरवाल्यांचे वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) सुरू झाले, त्यात फिजिओ पण होते, म्हणून आम्ही 2024 ला पीआरचं, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या परवानगीचं, मनावर घेतलं. नवरा, मी आणि मुलगी. शहरातल्याच एका एजंटकडे गेलो, नाव लिहीत नाही. त्याने माझी डायरी दोन पानं चाळली आणि टेबलावर ठेवत म्हणाला, "मॅडम, असं उत्पन्न तिकडे चालत नाही, दर महिन्याला सारखा आकडा लागतो, टेन्शन घेऊ नका, मी बसवतो." रिटर्न बघून तर त्याने अजून घाबरवलं. माझे सीए तेव्हा इन्कम टॅक्सच्या 44एडीए कलमाखाली रिटर्न भरायचे, म्हणजे जमा झालेल्या पैशाच्या निम्मं उत्पन्न धरायचं, कायद्यातच तशी सोय आहे, पण हा म्हणे बँकेत साडेसहा लाख आणि रिटर्नमध्ये सव्वातीन, ऑफिसर चोरीच समजणार. मी घाबरले. सीएंना एक फोन केला असता तर दोन ओळींचं पत्र मिळालं असतं आणि विषय संपला असता, तो फोन मी केला नाही याचं आजही वाईट वाटतं.

मग त्याने एका क्लिनिकचं एक्सपिरियन्स लेटर आणलं, महिना 42 हजार, बारा सॅलरी स्लिप, गोल शिक्का. मी त्या क्लिनिकचा उंबरा कधी ओलांडलेला नाही. मी विचारलं की हे खोटं नाही का, तर म्हणाला काम तर तुम्ही खरंच करता ना, आपण फक्त कागद नीट करतोय. हे वाक्य मला त्या वेळी पटलं, कारण काम मी खरंच करत होते. फी 1 लाख 80 हजार, दोन हप्त्यांत, रोख, पावती नाही. कॅनडाच्या सरकारची एका मोठ्या माणसाची फी तेव्हा 1,525 डॉलर होती, ती आम्ही वेगळी भरली.

कॅनडाच्या साईटवरचं अर्जाचं अकाउंट माझ्या नावाचं पण ईमेल आणि पासवर्ड एजंटचा. जमा केलेला फॉर्म मला त्याने एकदाही दाखवला नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्याचं नाव 5476 नंबरच्या फॉर्ममध्ये लिहायचं असतं, तो फॉर्म त्याने लावलाच नव्हता, म्हणजे तिकडच्या लेखी सगळं मी एकटीनेच केलेलं.

2025 च्या सुरुवातीला प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं, म्हणजे निर्णयाआधी शंका कळवून उत्तर मागणारं पत्र, तेही त्याने आठ दिवसांनी फॉरवर्ड केलं. क्लिनिकची खातरजमा होत नाही, नोकरी आहे म्हणता तर रिटर्न धंदेवाईकाचं कसं, फॉर्म 16 कुठाय, आणि खात्यात पगार एकदाही का जमा नाही, नुसते 500-500 का येतात. वाचताना हात थंड पडले, कारण ते 500-500 हीच माझी खरी कमाई होती, आणि खोट्या कागदाच्या शेजारी तीच संशयाची झाली.

उत्तर द्यायच्या वेळी पहिल्यांदा मी नियम स्वतः वाचले. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्सप्रेस एंट्रीतल्या प्रकारात स्वतःचं काम करणाऱ्याचा अनुभव धरतात. स्वतःचा व्यवसाय असल्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि ज्यांचं काम केलं त्यांची कागदपत्रं, काय सेवा दिली आणि किती पैसे दिले ते. दर महिन्याला सारखा आकडा लागतो असं कुठेच नाही! पंचवटीतल्या एका आजोबांनी, ज्यांचा उजवा हात मी दीड वर्ष चालवून घेतला, त्याच हाताने वाकड्या अक्षरात पत्र लिहून दिलं. अजून चार पेशंटनी दिली. सगळी जोडली, डायरीचे फोटो पण. पण खोटं लेटर आधीच जमा झालेलं होतं. मे 2025 मध्ये नकार आला, मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिली, तिकडच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 40, पाच वर्षं कॅनडा बंद. एजंट म्हणाला सही तुमची आहे मॅडम, आणि नंतर फोन उचलणंच बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पण रोख दिलेल्या पैशाचं आमच्याकडे काय आहे दाखवायला?

तुमची फाईल कोणाकडे असेल तर आजच जमा केलेल्या फॉर्मची पीडीएफ मागा आणि लॉगिन स्वतःकडे घ्या. समोरचा आरसीआयसी, म्हणजे कॅनडाचा परवाना असलेला इमिग्रेशन सल्लागार, असल्याचं सांगत असेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साईटवर रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे, तिथे नाव शोधा. मी शोधलं तेव्हा नकार येऊन चार दिवस झाले होते, आणि त्याचं नाव तिथे नव्हतं.