बडोद्यात समुद्र नाही, तरी मनगटावर पेलागोस

ट्यूडर या स्विस कंपनीचं पेलागोस, म्हणजे डायव्हरसाठी बनवलेलं घड्याळ, घेतल्यापासून तीन वर्षं सगळे हेच विचारतायत, अरे बडोद्यात समुद्र कुठंय, ५०० मीटर खोल जाणारं घड्याळ कशाला हवं होतं. त्याचं उत्तर बाबांच्या एचएमटीत आहे. बाबा हात धुवायच्या आधी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवायचे, पावसात बाहेर पडले तर रुमालात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात, आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगीच नव्हती, त्यामुळे चांगलं घड्याळ म्हणजे जपायची वस्तू हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ट्यूडर पेलागोसनं ते काढलं. किंमत लाखांत आहे, मी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकत होतो, आणि एवढं महाग घड्याळ घालून मी भांडी घासतो, गाडी धुतो, पोहतो.

पेलागोस आलं २०१२ ला, माझं त्यानंतरचं, म्हणजे २०१५ पासून जे कंपनीच्या स्वतःच्या एमटी ५६१२ मशीनवर चालतं ते. ७० तासांचा पॉवर रिझर्व्ह आहे, शुक्रवारी रात्री काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच असतं. ४२ मिलिमीटरची केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, टायटेनियमची आहे, हातात घेतल्यावर पहिल्यांदा फसवल्यासारखंच वाटतं इतकं हलकं, दिसायला दणकट आणि वजन जवळपास नाहीच. पॉलिश कुठेही नाही, सगळं मॅट, उन्हात चमकत नाही, आणि मला हेच आवडतं. लग्नाकार्यात कुणाचं लक्ष जात नाही, पण ज्याला कळतं तो स्नोफ्लेक काटे बघून लगेच ओळखतो. हे चौकोनी टोकाचे काटे ट्यूडरनं १९६९ ला पहिल्यांदा आणले, फ्रेंच नौदलाचे डायव्हरही यांची घड्याळं घालायचे.

क्लास्पबद्दल, म्हणजे पट्टा बंद करायच्या कडीबद्दल, मात्र थोडं जास्त सांगतो. आत स्प्रिंग आहे, मनगट फुगलं की पट्टा आपोआप सैल, उतरलं की परत घट्ट. हे केलंय डायव्हिंग सूटसाठी, खोल गेलं की दाबानं सूट दबतो आणि पट्टा ढिला पडतो म्हणून, पण बडोद्याच्या मे महिन्यात आणि नवरात्रात गरब्याला तीन तास टाळ्या वाजवून घाम निथळत असताना याच्याइतकी आरामाची गोष्ट नाही.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची मिनिटांच्या खुणांची कड, एकाच बाजूला फिरते. तिची शून्याची खूण मिनिट काट्यावर आणून ठेवली की त्यानंतर किती मिनिटं गेली ते कळतं. धक्का लागून सरकली तर पाण्यात गेलेला वेळ जास्तच दिसेल, कमी कधीच नाही, म्हणजे डायव्हर फारतर लवकर वर येईल. किती साधा आणि किती शहाणा विचार आहे बघा! नऊच्या बाजूला आत शिरलेला हीलियम वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आहे, तो दिवसेंदिवस प्रेशर चेंबरमधे राहणाऱ्या डायव्हरांसाठी, आपल्याला लागत नाही.

आणि २०२४ च्या ऑगस्टचा पूर. विश्वामित्री नदी सोसायटीत शिरली, खाली कमरेएवढं पाणी, मगरी कुठे कुठे दिसल्या त्याचे व्हिडिओ येतायत, लाईट नाही, दुसऱ्या रात्री मोबाईल पण बंद. जिन्याच्या एका पायरीला पाणी टेकलं तेव्हा मी बेझल फिरवून ठेवली आणि पुढच्या पायरीला लागायला किती मिनिटं जातात ते मोजत बसलो. आधी चाळीस मिनिटं, मग तासाच्या वर, मग थांबलंच. खालच्या काकूंना आम्ही वर आणलं होतं, त्या दर थोड्या वेळानं विचारायच्या, "बघ रे, किती वाजले?" आणि अंधारात ते काटे आणि तासांच्या खुणा निळ्या चमकायच्या, बेझलसकट, टॉर्च लागलीच नाही. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेलं घड्याळ साबण लावून नळाखाली धुतलं, झालं.

घेणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. टायटेनियमवर ओरखडे लवकर दिसतात, तो त्या धातूचा गुणच आहे, ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी स्टीलचं घ्यावं. आणि जाडी चौदा मिलिमीटरच्या वर आहे, शर्टाच्या बंद कफाखाली जात नाही. मनगट बारीक असेल तर २०२२ ला आलेलं पेलागोस ३९ घालून बघा, ते २०० मीटरचं आहे, तारीख नाही, हीलियम व्हॉल्व्ह नाही, पण आपल्या पावसाला आणि पुराला तेही भरपूर आहे. फक्त दोन्हींत क्राऊन, म्हणजे बाजूची चावी, स्क्रू करून बंद आहे ना ते पाण्यात जायच्या आधी बोटानं तपासायचं, आणि पावसाळ्याआधी एकदा प्रेशर टेस्ट, म्हणजे आत पाणी शिरत नाही ना याची तपासणी, करून घ्यायची.