पवित्र पोर्टल: निवड चोख, पुरवठा सावकाश

जिल्हा परिषदांच्या आणि खासगी अनुदानित शाळांच्या शिक्षकभरतीसाठी 2017 मध्ये सुरू झालेल्या पवित्र पोर्टलविषयी उमेदवारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. त्यामुळे शिक्षक मागणाऱ्याच्या बाजूने ही सेवा कशी दिसते, एवढेच येथे मांडतो.

आधी जमेची बाजू. खासगी संस्थेतील शिक्षकाचे पद किती लाखांना ‘जाते’ याची चर्चा एके काळी तालुक्याच्या बाजारात उघडपणे चाले. पोर्टलवर मात्र बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षित वा खुल्या प्रवर्गाचे याची क्रमवार नोंद, तपासून घेतल्याशिवाय जाहिरातच देता येत नाही, आणि उमेदवारांची नावे अभियोग्यता चाचणीच्या गुणांवरून येतात. मुलाखतीशिवायच्या प्रकारात संस्थेला निवडीचा अधिकारच उरत नाही. मुलाखतीसहच्या प्रकारात तो उरतो, पण पोर्टलने पाठवलेल्या मोजक्या नावांपुरता. सचिवांच्या भाच्यासाठी वाट काढणे त्यामुळे बरेच अवघड झाले आहे, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी या सेवेला पाचपैकी तीन तारे देतो.

उरलेले दोन का नाहीत, ते आता सांगतो. अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी 200 गुणांची असते. त्यांतील 120 गुण अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. 200 प्रश्न दोन तासांत सोडवणाऱ्याची चपळाई त्यातून निश्चित कळते, पण दहावीच्या वर्गात प्रकाशाचे अपवर्तन समजावून सांगता येते की नाही, हे कळत नाही, कारण विषयज्ञान तेथे तपासलेच जात नाही. मुलाखतीसहच्या प्रकारात उमेदवाराला फळ्यासमोर उभे करता येते, म्हणून मला तो प्रकार अधिक विश्वासाचा वाटतो, जरी संशयाला जागाही त्यातच जास्त असली तरी.

खरी अडचण वेळेची आहे. पहिली चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि शिफारशींची पहिली यादी 2019 च्या ऑगस्टमध्ये लागली. दुसरी चाचणी 2023 च्या आरंभी झाली, तिच्यावर आधारित शिफारशी फेब्रुवारी 2024 मध्ये आल्या, आणि तिसरी चाचणी 2025 च्या मे-जूनमध्ये घेण्यात आली. त्यापूर्वी, मे 2012 पासून, अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनासाठी भरती थांबवलेली होतीच. शिक्षक 58 व्या वर्षी कोणत्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार, हे तो रुजू होतो त्याच दिवशी सेवापुस्तकातील जन्मतारखेवरून ठरलेले असते; तरीही 30 सप्टेंबरची पटसंख्या, तिच्यावरची संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदे मंजूर याचा आदेश), मग मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली, मग जाहिरात, मग उमेदवारांचे शाळांसाठीचे प्राधान्यक्रम, अशा क्रमाने गाडी सरकते, आणि तोवर सहामाही परीक्षा होऊन गेलेली असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळेत मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत. चार शिक्षकांच्या शाळेत 10 टक्के म्हणजे अर्धा शिक्षकही होत नाही.

हा पात्र माणसांचा तुटवडा आहे असेही म्हणवत नाही. 2023 च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले होते. पदविका आणि पदवी घेतलेली माणसे घरी बसून आहेत आणि वर्ग रिकामे आहेत. मधला पूल तेवढा अरुंद आहे. प्रसूती रजा किंवा दीर्घ आजारपण यांसाठी चार-सहा महिन्यांचा बदली शिक्षक मागण्याची सोय या भरतीत नाही, आणि शाळेला सर्वाधिक गरज नेमकी त्याचीच पडते.

मग ती पोकळी भरायची कशी? जुलै 2023 मध्ये शासनाने जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी, नियमित भरती होईपर्यंत, सत्तर वर्षांपर्यंतचे निवृत्त शिक्षक दरमहा 20,000 रुपयांवर घेण्यास मुभा दिली. त्याच वर्षीच्या 1 जानेवारीपासून प्राथमिक शिक्षणसेवकाचे, म्हणजे सुरुवातीची वर्षे मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाचे, मानधन वाढून 16,000 रुपये झाले होते, म्हणजे निवृत्तिवेतन मिळणाऱ्या गुरुजींना नव्या उमेदवारापेक्षा चार हजार जास्त. या हिशेबावर नवोदित चिडले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

आमच्याकडे गणितासाठी एक निवृत्त शिक्षक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, येत आणि विज्ञानासाठी गावातीलच बी.एस्सी. झालेली, बी.एड. नसलेली मुलगी येई. गुरुजींचे शिकवणे निर्दोष होते, पण वह्या तपासणे त्यांना झेपत नसे. मुलगी पहिला महिना फळ्याकडे तोंड करून बोले. दिवाळीनंतर मात्र नववीची मुले मधल्या सुट्टीतही तिला शंका विचारू लागली. तिला कायम करता येत नाही, आणि पात्रतेची अट असल्याने येऊही नये, हे मला मान्य आहे. तिने आता बी.एड.ला प्रवेश घेतला आहे.

ज्या संस्था पहिल्यांदाच पोर्टलवर जाहिरात देणार आहेत, त्यांनी मागील वर्षीची संचमान्यता आणि बिंदुनामावली पुन्हा एकदा ताडून पाहावी, विषय आणि माध्यम यांची नोंद दोन जणांनी मिळून करावी, आणि जूनचे वेळापत्रक तासिकेच्या शिक्षकांना धरूनच आखावे.