प्राट: दिसायला रुक्ष, पण इंग्रजी आघाताच्या चाचणीसाठी बिनतोड

'चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजीतला आघात, म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावरचा जोर, ऐकू येत नाही' असं इंग्रजी शिकवणारे सर्रास म्हणतात. ऐकू येतो. प्रश्न आहे तो कशावरून ऐकू येतो याचा, आणि त्याचं उत्तर बीजिंगच्या, तैपेईच्या आणि हाँगकाँगच्या विद्यार्थ्यासाठी एकच नसतं. हा फरक घरबसल्या तपासायचा तर प्राटला पर्याय नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं हे बोलण्याचा आवाज मोजायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डच भाषेत 'प्राट' म्हणजे 'बोल'. बाकी त्याच्या रूपाबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं: उघडल्यावर दोन ओक्याबोक्या खिडक्या समोर येतात. त्यातली चित्रांची लगेच बंद केली तरी चालते.

इंग्रजीत आघाताचं अक्षर चार गोष्टींनी उठून येतं. सूर बदलतो, अक्षर लांबतं, आवाज मोठा होतो आणि स्वर भरीव राहतो. आघात नसलेल्या अक्षराचा स्वर बहुतेकदा मिळमिळीत 'अ'कडे झुकतो. पुटोंगहुआत, म्हणजे प्रमाण मँडरिनमध्ये, शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या चार सुरांखेरीज एक 'हलका सूर' असतो. 'तोंगशी' या शब्दात दोन्ही अक्षरं पूर्ण उच्चारली तर अर्थ 'पूर्व-पश्चिम'. दुसरं तोकडं आणि हलकं केलं की 'वस्तू'. त्यामुळे लांबी-आखूडपणाकडे बीजिंगचा कान लहानपणापासून लक्ष देतो. तैवानच्या मँडरिनमध्ये हा हलका सूर फार कमी वापरतात, आणि हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये तर प्रत्येक अक्षर आपला पूर्ण सूर घेऊनच येतं. शांघायच्या बोलीत पहिल्या अक्षराचा सूर सगळ्या शब्दावर पसरतो. मिन्नान या दक्षिणेकडच्या बोलीत उलट, शेवटचं अक्षर आपला मूळ सूर राखतं आणि आधीची बदलतात. म्हणून चाचणीच्या कागदावर नुसतं 'चिनी' लिहून भागत नाही. घरी कोणती बोली, हे विचारायलाच हवं.

प्राटची खरी करामत म्हणजे सूर आणि लांबी वेगवेगळी हलवता येतात. स्टेप्स अशा: दोन्ही अक्षरांत भरीव स्वर असलेला निरर्थक शब्द, समजा 'मीनी', ४४१०० हर्ट्झला मोनो रेकॉर्ड करा. 'टू मॅनिप्युलेशन'ला जाऊन किमान सूर ७५ आणि कमाल ६०० ठेवा, मग 'व्ह्यू अँड एडिट'. मधल्या पट्टीत सुराचे ठिपके दिसतात. सगळे निवडून काढून टाका आणि नवे घाला. बाईच्या आवाजात जोराच्या अक्षरावर २२०, दुसऱ्यावर १८० हर्ट्झ पुरे. खालची पट्टी लांबीची, आणि हमखास चूक होते ती इथेच. अक्षरांची सीमा ०.२०० सेकंदाला असेल तर ०.१९९ वर १.४ पट आणि ०.२०१ वर ०.७ पट लांबीचे असे दोन ठिपके अगदी लगटून द्यावे लागतात. ते अंतरावर ठेवले तर प्राट मधे उतरती रेघ ओढतं आणि पहिल्याच स्वराचा शेवट चेपला जातो. एकच ठिपका दिला तर अख्खा शब्द ताणला जातो.

अशा चार आवृत्त्या करा. दोनांत सूर आणि लांबी एकाच अक्षराकडे बोट दाखवतात, दोनांत भांडतात. भांडणाऱ्या दोनच खऱ्या कामाच्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेच सुटे केलेले संकेत ऐकवले, तेव्हा प्रमाण मँडरिनवाल्यांनी लांबीचा आधार तैवानी आणि अमेरिकन श्रोत्यांपेक्षा जास्त घेतला; सुराचा आधार मात्र दोन्ही मँडरिन गटांनी अमेरिकनांपेक्षा जास्त घेतला. नैसर्गिक उच्चार ऐकवले, तेव्हा गटांत फरक दिसला नव्हता. नुसती शब्दकोशातली रेकॉर्डिंग ऐकवून घेतलेल्या परीक्षेतून काही कळत नाही, ते यामुळेच.

आणखी एक सापळा मुद्दाम घालावा: प्रश्नार्थक उच्चार. 'परवाना' या अर्थाच्या 'परमिट'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो; पण 'परमिट?' असं विचारताना आघाताचं अक्षर खाली राहतं आणि सूर पुढे चढतो. 'उंच सूर म्हणजे आघात' असं गणित बांधलेला कान इथे हटकून दुसरं अक्षर निवडतो.

उणिवा आहेत. मॅनिप्युलेशनमध्ये स्वराचा पोत बदलत नाही. वाळवंटाचं 'डेझर्ट' आणि जेवणानंतरचं 'डिझर्ट' यांत पहिला स्वरच वेगळा, त्यामुळे सूर-लांबी कितीही फिरवली तरी ऐकणारा स्वरावरून ओळखू शकतो. स्वर बदलण्याची सोय प्राटमध्ये दुसरीकडे आहे, पण ती किचकट. त्यापेक्षा एकाच माणसाकडून दोन्ही शब्द रेकॉर्ड करून तुकडे जोडणं सोपं. लांबी दुपटीकडे नेली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. रेकॉर्डिंग उघडल्यावर दिसणारी निळी सुराची रेघ मधेच निम्म्यावर कोसळली तर बोलणाऱ्याला दोष देऊ नका. शब्दाच्या शेवटी आवाज खरखरला की असं होतं. प्राटच्या नव्या आवृत्त्यांत सुराची मूळ मर्यादा ५० ते ८०० हर्ट्झ आहे. पुरुषाला ७५-३००, बाईला १००-५०० केली की बऱ्याचदा रेघ ताळ्यावर येते. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ पालटत नाही, तेव्हा चाचणी बनवणाऱ्या मराठी माणसाने आपल्या कानापेक्षा या आकड्यांवर भरवसा ठेवलेला बरा.

सगळे आवाज 'स्केल इंटेन्सिटी'ने ७० डेसिबलवर आणायला विसरू नका, नाहीतर मोठ्या आवाजातला शब्द उगाच वेगळा वाटतो. ऐकवण्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. 'एक्स्पेरिमेंट एमएफसी' नावाची साधी टेक्स्ट फाइल लिहिली की प्राट स्वतःच शब्द उलटसुलट क्रमाने वाजवतं आणि बटणांवर उत्तरं घेतं. बटणांवर चिनी अक्षरं हवी असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. फाइलच्या नावात एखादं अक्षर चुकलं तरी चाचणी सुरू होत नाही. चाचणी संपल्यावर 'एक्स्ट्रॅक्ट रिझल्ट्स' दाबून निकाल वेगळा सेव्ह केल्याशिवाय प्राट बंद करू नका. प्राट तो आपणहून कुठेही जपून ठेवत नाही, आणि त्याच विद्यार्थ्याला तेच शब्द पुन्हा ऐकवले तर दुसऱ्या खेपेची उत्तरं सरावाची असतात.