हौशी नाटकाला प्रेक्षक कुठून आणायचा: पुरस्कृत प्रयोग, सुटी तिकिटं की सभासद योजना?

कोल्हापुरातल्या हौशी संस्थेचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेत गाजतं आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतं. महिनोन्‌महिने तालमी करायच्या आणि प्रयोग एकच. पुढचे प्रयोग लावायचे ठरवलं, तर प्रेक्षक जोडण्याचे तीन मार्ग आहेत. गावाला नाटकाची आवड उरली नाही, हे मला पटत नाही. गणेशोत्सवात सजीव देखावे बघायला हीच माणसं लेकराबाळांसह रात्री रस्त्यावर ताटकळत उभी असतात.

पुरस्कृत प्रयोगात जोखीम सगळ्यात कमी. पतसंस्था किंवा तरुण मंडळ ठरलेली रक्कम देतं, प्रवेशिकाही तेच वाटतं. नव्या संस्थेनं असे प्रयोग जरूर घ्यावेत, नटांचा हात बसतो. मात्र प्रवेशिका कुणाकुणाकडे गेल्या हे संस्थेला कळत नाही, त्यामुळं पुढच्या नाटकाला कुणाला बोलवायचं हा प्रश्न तसाच राहतो. पैसे मिळाले, प्रेक्षक मिळाला नाही.

सुट्या तिकिटांत हिशेब सरळ असतो: ज्याला बघायचंय तो पैसे मोजून येतो. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि हौशी नाटकाचा दर त्याच्या बराच खाली असतो. ॲपवरची विक्री कॉलेजच्या पोरांसाठी ठीक आहे. पेठांमधल्या काका-काकूंना मात्र फोन करून जागा सांगून ठेवायची सवय आहे, त्यांच्यासाठी एक माणूस फोनवर हवाच.

इथं खरा निर्णय सभागृहाचा. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ साली सुरू झालेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. त्या रात्रीची हळहळ इथल्या प्रत्येक रंगकर्मीच्या मनात आहे. पण मोठं नाट्यगृह हाताशी असलं तरी नव्या संस्थेनं आधी छोट्या सभागृहाचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या जागेत एक प्रयोग केला, तर ‘नाटक चांगलंय’ हे गावात पसरेपर्यंत नाटक उतरलेलं असतं. शे-दीडशे खुर्च्यांच्या जागेत लागोपाठ तीन शनिवार प्रयोग लावले, तर पहिल्या शनिवारचा प्रेक्षक तिसऱ्या शनिवारी शेजाऱ्याला पाठवतो. प्रकाशयोजना आणि नेपथ्य तेवढ्या जागेसाठी नव्यानं बांधावं लागतं, भाडंही तीनदा पडतं. तो खर्च जाहिरातीचाच समजावा.

सभासद योजनेत वर्षाची वर्गणी आधी घ्यायची आणि वर्षभरात ठरलेले कार्यक्रम द्यायचे. रसिकांचं मंडळ बांधून कला जपणं कोल्हापूरला नवं नाही. गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा आहे. समजा, दीडशे सभासदांनी ८०० रुपये भरले, तर १ लाख २० हजार रुपये पडदा उघडण्याआधी हातात येतात. त्याहून मोलाची असते ती यादी: नाव, फोन, कुठली पेठ, मागच्या वेळी आले होते का. न आलेल्याला दुसऱ्या दिवशी आपुलकीनं विचारता येतं.

अडचण एवढीच की चार कार्यक्रमांचं वचन दिलं की ते पाळावंच लागतं. नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्या एका संस्थेला वर्षात चार नाटकं झेपत नाहीत. त्यामुळं एकट्यानं ही योजना सुरू करू नये. दोन-तीन संस्थांनी मिळून करावी, एखादं नाटक सांगलीहून बोलवावं, एखादी संध्याकाळ गाण्याला द्यावी. पैशाचा हिशेब मात्र एकाच खात्यात ठेवावा आणि सभासदांना दाखवावा. वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टी नाटकं वाईट झाली म्हणून क्वचितच मोडतात, हिशेबावरून हमखास मोडतात.

संस्था अगदी नवी असेल, तर पुरस्कृत प्रयोग घ्या, पण प्रवेशिकेला नाव-फोनची पावती जोडायचा आग्रह धरा. एक नाटक तयार आहे आणि पुढचं कधी ते ठाऊक नाही, अशांनी छोट्या जागेत सुटी तिकिटं विकावीत. दोन नाटकं बसलेली आणि बरोबर येणारी दुसरी संस्था असेल, तर सभासद योजनाच निवडा. वर्गणी गोळा करायला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सर्वांत सोयीची: नाटकाची ओढ असलेली माणसं तेव्हा रोज एकाच दारातून आत जात असतात. आयोजकांना विचारून तिथं टेबल टाका आणि पहिल्या नाटकाची तारीख पावतीवरच छापा.